नोकरी सांभाळून कायद्याची उच्च पदवी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा शिक्षणविषयक एखादा ऐतिहासिक लेख आम्ही लिहून द्यावा अशी इच्छा प्रकट केली, तेव्हा आमच्या मनात प्रथम संकोचच उत्पन्न झाला. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. पुढे अध्यापनाची पदविका घेऊन रत्नागिरी जिल्ह्यातील प्राथमिक शाळांतून मुलांना शिकविले आणि सेवानिवृत्त होऊन डोंबिवलीस मुलाकडे राहावयास आलो. कायद्याच्या महाविद्यालयाची पायरी आम्ही कधी चढलो नाही. मग त्या विद्येच्या उच्च पदवीविषयी लिहिण्याचा आम्हांस अधिकार कोणता, असा प्रश्न कोणी केल्यास तो रास्तच होय. अधिकार नाही, परंतु एक ऋण आमच्या माथी आहे, आणि ते फेडण्याचा हा प्रयत्न आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या ज्ञातिसंस्थेच्या शिक्षण साहाय्य समितीवर आम्ही सभासद होतो. एका भगिनीचा अर्ज समितीपुढे आला. वय एकोणतीस. वडील हयात नाहीत, धाकट्या भावाचे शिक्षण तिच्याच शिरावर. एका वकिलाच्या कचेरीत दिवसभर काम करून तिने एल्एल्. बी. पुरी केली होती व आता तिला एल्एल्. एम्. करावयाचे होते. आपल्या निधीचा नियम सर्वांस ठाऊक आहेच : विद्यार्थी पूर्णवेळ शिकणारा असावा, त्याचे वय पंचवीस वर्षांच्या आत असावे व तो अर्थार्जन करीत नसावा. तिन्ही अटींत अर्ज बसेना. समितीने तो नामंजूर केला. कागदावर तीन सह्या झाल्या. त्यांतील दुसरी आमची होती. या कामास पाच मिनिटे देखील लागली नाहीत.

सभा आटोपून आम्ही जिना उतरत असता ती खाली उभी होती. ती म्हणाली, "गुरुजी, नोकरी सोडली तर फी कोण भरणार? आणि नोकरी केली तर संस्था देणार नाही. मग आम्ही शिकायचं तरी केव्हा?" आम्हांस उत्तर सुचले नाही. घरी आल्यावरही ते सुचेना. तेव्हा ही पदवी आजवर कोणी, कशी व कोणत्या परिस्थितीत मिळविली याचा शोध घेण्यास आम्ही आरंभ केला. त्या वाचनातून जे हाती आले ते ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम पदवीविषयी थोडेसे. वकिली करण्यास एल्एल्. बी. पुरते, सनद मिळविण्यास एल्एल्. एम्. ची आवश्यकता नाही. ही पदवी लागते ती मुख्यतः कायद्याच्या महाविद्यालयात अध्यापक होऊ इच्छिणारास. तेथे एल्एल्. एम्. ला ५५ टक्के गुण आणि त्यापुढे राष्ट्रीय पात्रता परीक्षा, असा साधारण दंडक आहे. शिवाय राज्यघटना, व्यापारी कायदा, फौजदारी कायदा यांपैकी एखाद्या शाखेत खोल उतरावयाचे असल्यास तिचा उपयोग होतो. तात्पर्य, ही पदवी बहुधा अशा वयात घ्यावीशी वाटते, की ज्या वयात मनुष्याच्या खांद्यावर संसार आलेला असतो. ही गोष्ट ध्यानात न घेता नियम केला म्हणजे तो नियम पदवीच्या स्वभावाशीच विसंगत ठरतो.

आता इतिहासाकडे वळू. मुंबईस कायद्याच्या शिक्षणाचा पाया १८५५ साली घातला गेला. त्यानंतर दोन वर्षांनी, १८५७ साली, मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. आज शासकीय विधि महाविद्यालय या नावाने जी संस्था चर्चगेटनजीक उभी आहे तिची परंपरा या काळापर्यंत जाऊन पोहोचते. त्या काळी कायदा शिकविणारे बहुतेक स्वतः व्यवसाय करणारे कायदेपंडित असत. दिवसा न्यायालयात उभे राहावयाचे आणि उरलेल्या वेळात विद्यार्थ्यांस शिकवावयाचे, असा त्यांचा क्रम असे. म्हणजे गुरुजनही एका अर्थी अंशवेळ, आणि शिष्यांतही कोणी कारकून, कोणी शिक्षक. कायद्याची विद्या आपल्या प्रांतात पहिल्यापासून पोटापाण्याच्या उद्योगाच्या शेजारीच बसून शिकली गेली, असे म्हणण्यास हरकत नाही.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे महामहोपाध्याय डॉ. पांडुरंग वामन काणे. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे काणे सर्वांस ठाऊक आहेत. परंतु शाळामास्तर काणे फारसे कोणाच्या स्मरणात नाहीत. चिपळूण तालुक्यातील एका वैदिक घराण्यात १८८० साली त्यांचा जन्म झाला. १९०१ साली ते बी. ए. झाले, १९०३ साली एम्. ए. झाले, आणि १९०४ साली रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात शिक्षक म्हणून रुजू झाले. तेथे तीन वर्षे काढल्यावर १९०७ साली त्यांची बदली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात झाली. शिक्षकाची नोकरी चालू असतानाच १९०८ साली ते एल्एल्. बी. झाले. पुढे सरकारी नोकरी सोडून १९११ साली त्यांनी उच्च न्यायालयात वकिली आरंभिली; आणि नव्या व्यवसायाची घडी बसत होती न बसत होती तोच, १९१२ साली, हिंदू व मुसलमानी कायदा हे विषय घेऊन ते एल्एल्. एम्. झाले. त्या वेळी त्यांचे वय बत्तीस होते.

या पदवीने पुढे काय केले तेही पाहावे. १९१७ ते १९२३ या काळात काणे मुंबईच्या विधि महाविद्यालयात प्राध्यापक होते. १९३० साली त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड निघाला आणि १९६२ साली शेवटचा. १९४७ ते १९४९ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९६३ साली भारतरत्न हा किताब देऊन राष्ट्राने त्यांचा गौरव केला. हे सर्व कार्य दिवसा अशिलांचे कागद चाळणाऱ्या मनुष्याने केलेले आहे. रत्नागिरीच्या ज्या मातीत आम्ही फळा-खडूत आयुष्य घालविले, तेथेच तीन वर्षे फळ्यापुढे उभा राहिलेला एक शिक्षक पुढे एल्एल्. एम्. होतो, हे वाचताना आमचा ऊर भरून आला. आणि त्याच क्षणी दुसराही विचार मनात आला. काणे यांनी १९१२ साली आपल्या निधीकडे अर्ज केला असता, तर आम्ही तो नामंजूर केला असता. वय बत्तीस, धंदा वकिलीचा, अभ्यास फावल्या वेळातला. तिन्ही अटींत ते नापास!

दुसरे उदाहरण एका स्त्रीचे आहे. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ साली नाशिक येथे झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पदवीपरीक्षेत त्यांनी उज्ज्वल यश मिळविले. त्या यशाबद्दल विलायतेत शिकण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांस मिळावयास हवी होती. परंतु त्या स्त्री आहेत, एवढ्याच कारणास्तव ती नाकारण्यात आली. त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात अध्यापन केले. पुढे विलायतेतील काही सहृदय मंडळींनी वर्गणी जमविली, तेव्हा १८८९ साली त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल येथे दाखल झाल्या. तेथील बी. सी. एल्. ही कायद्याची वरच्या दर्जाची परीक्षा. तिला स्त्रीने बसण्याची वहिवाट नव्हती. विद्यापीठाने खास ठराव करून त्यांस परवानगी दिली. १८९२ साली त्यांनी ती परीक्षा दिली व त्या उत्तीर्ण झाल्या. पदवी मात्र हाती पडली नाही, कारण ऑक्सफर्ड त्या काळी स्त्रियांस पदवीच देत नसे. १९२० साली तो निर्बंध उठला आणि १९२२ साली, परीक्षेनंतर तीस वर्षांनी, त्यांस पदवी प्रदान करण्यात आली. १९२३ च्या कायद्याने स्त्रियांस वकिलीचा मार्ग मोकळा झाला, तेव्हा कुठे त्यांस न्यायालयात रीतसर उभे राहता आले.

या कथेत दोन गोष्टी विशेष लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही, की नियम वाकविता येतो. त्यासाठी एक ठराव पुरेसा होतो. दुसरी ही, की सरकारी शिष्यवृत्तीचा दरवाजा बंद झाला तेव्हा वर्गणीने तो उघडला. वर्गणी काढून होतकरूस शिकविणे हेच तर आपल्या निधीचे मूळ प्रयोजन नव्हे काय?

तिसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे. बॅरिस्टर ही विद्यापीठाची पदवी नव्हे, हे आम्ही जाणतो. तथापि खंड पडलेल्या अभ्यासाचा विचार करताना हे उदाहरण वगळून चालणार नाही. १९१६ साली ते लंडनला ग्रेज इन या संस्थेत दाखल झाले. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांस अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांनी प्राध्यापकाची नोकरी धरली, पैसा साठविला, आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. १९२२ साली ते बॅरिस्टर झाले. लंडनच्या संस्थांनी त्यांस परतण्याची मुभा ठेवली होती म्हणून तुटलेला धागा पुन्हा जोडता आला. ‘एकदा सोडलेस ते सोडलेस’ असा नियम तेथे असता, तर हिंदुस्थानच्या इतिहासाचे एक पान कोरे राहिले असते. हेच बाबासाहेब पुढे मुंबईच्या विधि महाविद्यालयात प्राध्यापक व १९३५ साली प्राचार्य झाले. आणि पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या द्वारे १९४६ साली त्यांनी सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांची सोय पाहून सकाळचे वर्ग ठेविले. ज्याने स्वतः नोकरी करून विद्या मिळविली त्यास घड्याळाची किंमत कळते.

आता या सोयीचे मूळ जेथे सापडते त्या लंडन विद्यापीठाकडे वळू. १८५८ साली या विद्यापीठाच्या सनदेत बदल होऊन, विशिष्ट महाविद्यालयात शिकल्याची अट न ठेवता परीक्षा खुल्या करण्यात आल्या. कोठेही राहा, कसाही अभ्यास करा, परीक्षेत उतरलात म्हणजे झाले, असा हा नवा विचार होता. १८६५ साली मॉरिशस बेटावर, जेथे आपले मराठी बांधवही पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक आहेत, या विद्यापीठाची परीक्षा घेण्यात आली. १९२५ पासून एल्एल्. एम्. ही पदवीदेखील या बहिःस्थ मार्गाने मिळू लागली. म्हणजे या सोयीस आता शंभर वर्षे पूर्ण झाली आहेत. आजही हा अभ्यासक्रम चालू असून तो एक वर्षापासून पाच वर्षांपर्यंत, आपल्या सवडीप्रमाणे पुरा करता येतो. त्याचे लहान लहान भाग पाडलेले आहेत. काही भाग पुरे करून थांबल्यास प्रमाणपत्र, अधिक केल्यास पदविका, आणि सर्व केल्यास पदवी, अशी पायऱ्यापायऱ्यांची रचना आहे. ज्यास संपूर्ण जिना एका दमात चढवत नाही त्याने मधल्या पायरीवर बसून श्वास घ्यावा, ही कल्पना आम्हांस फार शहाणपणाची वाटली.

आपल्या देशात स्वातंत्र्यानंतर काय झाले? एल्एल्. एम्. हा सामान्यतः दोन वर्षांचा अभ्यासक्रम ठरला. काही विद्यापीठांनी नोकरदारांची निराळी व्यवस्था केली. दिल्ली विद्यापीठात दोन वर्षांच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमाच्या जोडीस तीन वर्षांचा सायंकालीन अभ्यासक्रम दीर्घकाळ चालत आला. विद्या तीच, परीक्षा तीच. फक्त काळ दीडपट आणि वेळ संध्याकाळची. पुढे २०१३ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने एक वर्षाच्या एल्एल्. एम्. चा मार्ग आखून दिला. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील महाराष्ट्र राष्ट्रीय विधि विद्यापीठांत क्लॅट ही प्रवेशपरीक्षा देऊन अशा अभ्यासक्रमास जाता येते. त्यास पूर्णवेळ हजेरी लागते हे खरे. परंतु दोन वर्षांच्या रजेपेक्षा एक वर्षाची रजा मिळणे सोपे, हेही तितकेच खरे. वकिली व्यवसायाचे नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या नियमांत हा एक वर्षाचा अभ्यासक्रम बंद करण्याचे योजिले. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, अंमलबजावणी लांबणीवर पडली, आणि एक वर्षाचे वर्ग त्यानंतरही भरत राहिले.

येथे एक धोक्याची सूचना देणे आमचे कर्तव्य आहे. सोय या शब्दाच्या आडोशाने फसवणूकही चालते. आमच्या नात्यातील एका तरुणाने घरबसल्या एल्एल्. एम्. देण्याची जाहिरात करणाऱ्या एका संस्थेत पैसे भरले. पुस्तके आली, परीक्षा झाली, छान छापलेले प्रमाणपत्रही आले. अध्यापकाच्या जागेसाठी ते पुढे केले तेव्हा, ही पदवी ग्राह्य नाही, असे एका ओळीचे उत्तर मिळाले. पैसे गेले त्याचे दुःख आहेच. पण तीन वर्षांची रात्रीची झोप गेली ती कोणी परत द्यावी? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार कायदा हा विषय दूरस्थ वा ऑनलाईन पद्धतीने शिकविण्यास मनाई आहे. जून २०२५ मध्ये बार कौन्सिलनेही, आपल्या परवानगीवाचून चालविलेले ऑनलाईन, दूरस्थ वा संमिश्र एल्एल्. एम्. मान्य समजले जाणार नाहीत, असा इशारा दिला. ‘कार्यकारी’, ‘व्यावसायिक’ अशी भारदस्त विशेषणे पदवीस जोडली म्हणून ती मान्य होत नाही.

या कडकपणावर आम्ही सरसकट टीका करणार नाही. वर्गात प्रश्न विचारल्याखेरीज आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर शोधल्याखेरीज कायदा कळत नाही, हे आम्ही शिक्षकाच्या अनुभवाने मान्य करू. परंतु वर्ग हवा म्हणजे तो दुपारी अकरालाच हवा असे नाही. सायंकाळचा वर्गही वर्गच आहे. ज्या देशात काणे व आंबेडकर घडले तेथे दूरचा मार्ग बंद करावयाचा असेल, तर जवळचा मार्ग तरी सकाळ-संध्याकाळ उघडा ठेवावा, एवढेच आमचे नम्र म्हणणे आहे.

म्हणून आपल्या मुलामुलींस आम्ही सुचवितो, की पैसे भरण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लेखी घ्यावीत. ही पदवी मला कशासाठी हवी : अध्यापनासाठी, पदोन्नतीसाठी की केवळ ज्ञानासाठी? ज्या ठिकाणी ती दाखवावयाची आहे तेथे ती चालते काय? आयोगाची व बार कौन्सिलची मान्यता आहे काय, आणि ती याच अभ्यासक्रमास आहे की त्या संस्थेच्या दुसऱ्या एखाद्या अभ्यासक्रमास? आणि शेवटचा प्रश्न : मध्येच खंड पडल्यास झालेला अभ्यास जमेस धरला जातो काय? परदेशी विद्यापीठाची बहिःस्थ पदवी ज्ञानासाठी उत्तम असू शकेल. परंतु येथील नोकरीसाठी ती घेण्यापूर्वी हे चारही प्रश्न दुप्पट काळजीने विचारावेत.

आता लेखाच्या आरंभी सांगितलेल्या ऋणाकडे येतो. आपल्या निधीचा नियम ज्यांनी केला ते आमचे वडीलधारे होते व त्यांचा हेतू शुद्ध होता. त्या काळी गावाकडील मूल मुंबईस येऊन प्रथमच महाविद्यालयात जात होते. पैसा थोडा होता, आणि तो ज्यास मुळीच आधार नाही त्याच्याकडे जावा, हे योग्यच होते. तो नियम आम्हीच वर्षानुवर्षे मुकाट्याने पाळला. परंतु आज आपल्या घरोघरी पहिली पदवी पोहोचली आहे, आणि पुढची पायरी चढू पाहणारे बहुतेक जण कमावते आहेत. कमावता म्हणजे सधन नव्हे. पगारातून घरभाडे, औषधपाणी व भावाची फी वजा जाता जे उरते त्यात उच्च शिक्षण बसत नाही.

तेव्हा येत्या सर्वसाधारण सभेपुढे आम्ही एक ठराव मांडणार आहोत. पदव्युत्तर शिक्षणासाठी वयाची अट काढावी. अर्जदार नोकरी करतो की नाही हे न पाहता, त्याच्यावर अवलंबून असणारी माणसे वजा घालून त्याचे उत्पन्न पाहावे. साहाय्य एकरकमी न देता सत्रागणिक द्यावे, व काही कारणाने एखादे सत्र चुकल्यास पुढील सत्रापासून ते पुन्हा सुरू करावे. आणि अभ्यासक्रमाच्या मान्यतेचा लेखी पुरावा अर्जासोबत घ्यावा, म्हणजे निधीचा पैसा जाहिरातबाजांच्या घशात जाणार नाही. या ठरावास विरोध होईल हे आम्ही जाणतो. निधी अपुरा पडेल, असे कोषाध्यक्ष म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे निराधार नाही. त्यासाठी आमच्या निवृत्तिवेतनातून यथाशक्ति वार्षिक वर्गणी देण्याचे आम्ही ठरविले आहे. इतरही सेवानिवृत्त बांधवांनी या कामी विचार करावा, अशी हात जोडून विनंती आहे.

त्या भगिनीची गाठ मध्यंतरी एका लग्नात पडली. ती अद्याप त्याच कचेरीत आहे. भावाचे शेवटचे वर्ष चालू आहे. एल्एल्. एम्. चे काय झाले, असे आम्ही विचारले, तेव्हा ती म्हणाली, "राहिलंय, गुरुजी." सोडले, असे ती म्हणाली नाही. तिचा अर्ज संस्थेच्या कपाटात जुन्या फायलीत आहे. सभेत ठराव संमत झाल्यास तो पुन्हा बाहेर काढावा, आणि त्या कागदावर दुसऱ्या क्रमांकाची सही पुन्हा एकदा करण्याची संधी आम्हांस मिळावी.